माझ्या नावची धाव

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९५८. घणसोली.

आज एका अत्यंत गंभीर विषयावर लिहिणं भाग आहे. आमटीत मीठ नाही.

ज्या गावाला मिठागरांनी वेढलेलं आहे, जिथे खाडीवरून वारा सुटला की ओठ आपोआप खारट होतात, जिथे वाळत घातलेलं धोतरसुद्धा चाटलं तर चवदार लागेल, त्या गावात लोकल बोर्डाच्या शाळेच्या हेडमास्तरला संक्रांतीपासून अळणी आमटी, अळणी भाजी आणि अळणी पिठलं वाढलं जात आहे. पिठलं अळणी असू शकतं हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. ऋषिमुनींनी पुष्कळ व्रतं सांगितली आहेत, पण बायकोने धरावं आणि नवऱ्याने पाळावं असं अलवणव्रत आमच्या वाईच्या पाठशाळेत कुणी शिकवलं नव्हतं. सौ.ला विचारलं. "तब्येतीला बरं असतं," म्हणाली, आणि ताटातली लोणच्याची फोडही उचलून नेली.

या अन्यायाची बातमी ठाण्याच्या साप्ताहिकाला पाठवावी असं मनात आलं. मी त्यांचा या पट्ट्याचा बातमीदार. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत जे जे काही घडत नाही, ते मी त्यांना दर आठवड्याला कळवतो.

पण आज खरोखर काही घडलं, आणि ते माझ्याच बाबतीत घडलं. आज माघी पौर्णिमा. गावदेवीच्या ओट्यावर वाघदेवाच्या धावेची नावं पुकारली. पुकारणारा नामदेव, म्हणजे आमचा शेजारी. भाताची शेती करतो आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करतो. चार-पाच तरण्या गड्यांची नावं झाली, मग माझ्याकडे बघून हसला आणि ओरडला, "कमळाकर मास्तर!"

मी मागे वळून पाहिलं. दुसरा कमळाकर मास्तर नव्हता.

ज्यांना ही धाव माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्या पश्चात ही वही उघडणाऱ्यांसाठी) लिहून ठेवतो. चैत्री पौर्णिमेला उजाडताच गावदेवीपासून निघायचं, पारसिकचा डोंगर चढायचा, डोंगराच्या कण्यावरून थेट बेलापूरच्या डोक्यावरच्या वाघदेवापर्यंत धावायचं, नारळ ठेवायचा, कपाळाला तिथला शेंदूर लावून त्याच वाटेने परत यायचं, सूर्य खाडीत बुडायच्या आत. वाटेत बसायचं नाही. बसला तो बाद, त्याने पुढच्या वर्षी पुन्हा धावायचं. ज्याच्या नावचा नवस, त्याला जमत नसेल तर घरचं माणूस धावू शकतं. मात्र ते परत येईपर्यंत नवसवाल्याने ओट्यापाशी उभं राहायचं. त्यानेही बसायचं नाही. ही सोय अर्थातच म्हाताऱ्यांसाठी आहे.

गेल्या श्रावणात माझा ताप छातीत उतरला होता, तेव्हा सौ.ने हा नवस बोलला म्हणे. 'हे उठून बसू देत, यांच्या नावची धाव देईन.' ऐकायला शेजारची मासळीवाली पुतळाबाई होती, आणि पुतळाबाईला कळलेली गोष्ट खाडीपलीकडे मुलुंडपर्यंत जाते. मासळी जाते तशीच.

माझं नाव पुकारलं तेव्हा सौ.च्या हातातली फुलांची परडी खाली पडली. अभिमानाने असेल. घरी येताना मात्र विचारत होती, "घरचं माणूस धावलं तरी चालतं ना हो?"

म्हणजे तिचा भाऊ धर्मराज. पनवेलला असतो. माझ्या नावचा नवस त्या गृहस्थाने फेडायचा, जो सदऱ्याची गुंडी लावताना धापा टाकतो? मी साफ सांगितलं, मीच धावणार.

सांगितलं खरं. मग डोंगराकडची खिडकी लावून घेतली.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली चढण. नामदेव पुढे, मी मागे, माझा जीव त्याहून मागे.

"मास्तर, तुमी धावता का हजेरी घेता? दर दगराशी थांबता ते."

"श्वास घेतोय."

"तो घरी घ्यायचा. हितं पाय उचलायचा."

करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसलं. नामदेव म्हणाला, घोरपड असेल. मग थोडा विचार करून म्हणाला, नसेल पण. या डोंगरावर बिबट्या आहे, गेल्या वर्षी त्याने महाप्याच्या एका घरातली शेळी नेली, आणि ती बातमी मीच छापायला दिली होती. तेव्हा मी त्या शेळीवर जरा विनोदी लिहिलं होतं. आज त्या शेळीची मनातल्या मनात क्षमा मागितली.

अर्ध्यावरून परत फिरलो. डाव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत मुंग्या आल्या होत्या. झोळीचा पट्टा आवळला असावा. सौ.ला सांगितलं तर तिने झोळी घेतली, पट्टा उलटून पाहिला, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. पट्ट्यात पाहण्यासारखं काही नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

सौ. म्हणते, धावेआधी एकदा ठाण्याच्या डॉक्टरांना विचारा. मी म्हणालो, संक्रांतीच्या सुमारास दाखवून आलोच की. भला माणूस आहे. नळी लावून फार वेळ ऐकत बसला, मग मला म्हणाला, "बाहेर ओसरीवर आमचा नवा रेडिओ आहे, जरा बघा तरी." मी रेडिओ बघत असताना सौ. आत त्याच्याशी बोलत होती. बायकांना औषधांच्या वेळा समजून घ्यायच्या असतात. मला त्याने एवढंच सांगितलं, "मास्तर, आराम करा." प्रकृती ठणठणीत असणाऱ्यालाच डॉक्टर असं मोघम बोलतात.

सौ. आधी म्हणाली होती, धावू नका. मग म्हणाली, देव समजून घेईल. आज काहीच म्हणाली नाही. इतक्या लवकर तिने माघार घ्यावी हे तिच्या स्वभावाला धरून नाही. मला जरा रागच आला. आणखी थोडा आग्रह केला असता तर कदाचित मी ऐकलं असतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज चिमटा पाहिला.

कण्यावरच्या वाटेत एक जागा आहे, तिला चिमटा म्हणतात. एका बाजूला छातीला घासणारा कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. म्हणजे खूप खाली भाताची खाचरं आहेत, त्यापलीकडे मिठागरांचे पांढरे चौकोन, मग खाडी, भरतीला निघालेले मचवे. देखावा अतिशय रमणीय आहे. मी तो डोळे मिटून पाहिला.

"डोले उघरा मास्तर," नामदेव पलीकडून ओरडत होता. "उजवा पाय पयला! हात कातळाला, नजर समोर!"

मी चतुष्पाद होऊन पार झालो. पलीकडे गेल्यावर ध्यानात आलं की परतही यायचं आहे. लिहायला लाज वाटते, पण परत येताना मी 'आई' म्हणालो. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

घरी आल्यावर सौ.ने सगळं विचारून घेतलं. कातळाला धरायला खोबण कुठे आहे, कुठला पाय आधी, दगड कुठला हलतो. मी सुखावलो. इतकी वर्षं तिला शब्दरूपं शिकवायला बसलो की तिला हटकून दळण आठवायचं. चिमट्याचा धडा मात्र तिने एकदाच ऐकून पाठ केला.

शुक्रवार, ७ मार्च

काल धुळवड झाली. गावाचे रंग अजून उतरले नाहीत, माझा मात्र उडालेलाच आहे.

नामदेवाने शिकवणीची पद्धत बदलली. आता धावायला नेत नाही. संध्याकाळी मला ओट्यापाशी उभं करतो आणि स्वतः शेजारी बसून विडी ओढतो.

"नुसतं उभं राहून काय होणार?"

"पाय पक्कं होतात. धावनं कुनालाबी येतं. उभं राहनं अवघड."

"आणि डोंगर?"

"डोंगर कुठं पलून चाललाय?"

ही काहीतरी जुनी तालीम असणार. मी निमूट उभा राहतो. खरं सांगायचं तर मला ही पद्धत फार आवडली आहे.

सौ. हल्ली पहाटे पुतळाबाईबरोबर जाते. पुतळाबाई मासळीची पाटी घेऊन डोंगरापलीकडे शिळच्या बाजूला विकायला जाते, तिच्यासोबत पायथ्यापर्यंत जाऊन सरपण आणते म्हणे. सरपण मूठभर येतं, लुगड्याच्या काठाला कुसळं मात्र भाराभर. रात्री टाचांना कोकमाचं तेल चोळते. मी म्हणालो, अगं, एवढ्याशा काटक्यांसाठी टाचा फोडून घेऊ नकोस. ती हसली. तिच्या हसण्याचं कारण विचारायचं राहून गेलं, कारण मी बिबट्याचा विचार करत होतो.

शुक्रवार, २१ मार्च. पाडवा.

घाईने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी सौ. गुढी उभारून, पुतळाबाईकडे वाण देऊन येते म्हणून गेली. मी ठरवलं, आज एकट्याने चिमट्यापर्यंत जायचं. उभं राहून डोंगर चढता येत नाही, एवढी शंका मला हळूहळू येऊ लागली होती.

चिमट्याच्या अलीकडे छातीवर कुणीतरी पाटा ठेवला. मुंग्या नव्हेत. पाटाच. घाम सुटला, आणि तो गार होता. झोळी मी घरीच ठेवली होती. कातळाला टेकून राहिलो. मरणार असं वाटलं, आणि वाटल्यावर विनोद सुचला नाही. हे पहिल्यांदाच.

हळूहळू पाटा उतरला. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"मास्तरीन! खाली बघू नको! समोर तुजा नवरा उभा हाय असं समज नि रागानं चाल!"

पुतळाबाईचा आवाज. आणि चिमट्याच्या त्या टोकाला सरस्वती, माझी बायको. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, डोक्याला माझं जुनं उपरणं गुंडाळलेलं. ती समोरच बघत होती, पण मी करवंदीच्या जाळीआड होतो. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. दचकली तर?

उजवा पाय पहिला. हात कातळाला. मधे तिचा पाय घसरला. एक दगड सुटला. तो खाली पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की त्या वेळात मी म्हातारा झालो. ती कातळाला चिकटून राहिली, ओठ हलत होते. मग डावा पाय, मग उजवा. पार झाली आणि धावत सुटली. माझ्या अगदी जवळून गेली. तिचा श्वास ऐकू आला.

एक हेडमास्तर, पाठशाळेचा स्नातक, वर्तमानपत्राचा बातमीदार, पाडव्याच्या दिवशी काटेरी जाळीत तोंडात मूठ घालून उभा होता.

शनिवार, २२ मार्च

सकाळी अंघोळीला पाणी काढून देताना ती म्हणाली, "पाठीतले काटे काढू का?"

"कुठले काटे?"

"करवंदीचे. काल तुमचं धोतर दिसलं मला, जाळीतून."

तिने काटे काढायला सुरुवात केली. पाठ तिच्याकडे होती म्हणून विचारता आलं. "डॉक्टर काय म्हणाला होता?"

"हृदय मोठं झालंय म्हणाले. दम लागेल असं काही करू द्यायचं नाही. मीठ बंद."

"हृदय मोठं आहे हे मी लग्नापासून सांगतोय."

ती हसली नाही. मग मीही हसलो नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घाबरला असता."

"आणि आत्ता मी शूर आहे? अगं, मी घोरपडीला घाबरतो!"

"म्हणूनच. घोरपडीलाच घाबरा म्हटलं. ते बरं होतं."

मी नवस मोडायला सांगितलं. देव काही बेलीफ पाठवत नाही, असंही म्हणालो. धर्मराजला बोलावू म्हणालो. त्याला गुडघेदुखी आहे म्हणाली. मग मी चिडून म्हणालो, मी परवानगी देणार नाही.

"नवस बोलताना तुम्हांला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "फेडताना विचारू?" काटा काढता काढता तिचा हात थांबला. "तुमचे डोळे फिरले होते त्या दिवशी. घरात मी एकटी. तुम्ही ते पाहिलं नाहीत. मी पाहिलंय."

मी पाठ तिच्याकडे तशीच ठेवली. एरवी बेचाळीसच्या चळवळीपासून तिखटाच्या प्रमाणापर्यंत प्रत्येक विषयावर माझ्यापाशी उत्तर असतं.

संध्याकाळी नामदेवाला गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"आख्ख्या गावाला ठावं. तुमी बातमीदार, म्हनून तुमालाच नव्हतं." मग विडी विझवून म्हणाला, "मास्तर, बाई चांगली धावते. मी संगती हाय. तुमी फकस्त उभं रहा."

रविवार, ३० मार्च

बिबट्या. साप. चिमटा. ऊन. हलणारा तो दगड, तो तर सुटून गेला, आता त्या जागी काय आहे? पाय ठेवायला जागा उरली का? तिला विचारलं, म्हणाली, आहे थोडी.

मग अंगणात पाऊल टेकवून मोजून बघितलं, थोडी म्हणजे किती.

काल तिच्या वाढलेल्या ताटातल्या आमटीची चव घेतली. तीही अळणी. म्हणजे इतके दिवस दोघांची अळणी होती.

शुक्रवार, ४ एप्रिल. चैत्री पौर्णिमा. सकाळ.

हे उभ्याने लिहितो आहे. ओट्याच्या कठड्यावर वही ठेवली आहे.

उजाडताना निघाले. सौ.ने लुगडं वर खोचलं तेव्हा ओट्यावरचे सगळे वळून बघू लागले. बाईमाणूस धावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एक म्हातारा खाकरला. पुतळाबाई पाटी खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "काय बघता रं? मासली घेऊन हाच डोंगर आमी रोज वलांडतो, तवा देव डोले मिटून घेतो का?" म्हातारा पुन्हा खाकरला नाही.

सौ. माझ्याकडे आली. काहीतरी बोलेल असं वाटलं. "टोपी घाला, ऊन लागेल," म्हणाली आणि गेली. वळून पाहिलं नाही. नजर समोर ठेवायची, हे मीच शिकवलं होतं.

दुपार

पाय सुजले आहेत. टेकलेलो नाही. पुतळाबाई आज बाजाराला गेली नाही. माझ्याशेजारी उभी आहे, मला ताक पाजते आणि शिव्या देते. पहिले दोन गडी परत आले. म्हणाले, वहिनी वाघदेवाला पोचल्या, शेंदूर लावला, परत फिरल्या. हसतही होत्या म्हणाले.

मला इतकं हलकं वाटलं की बातमीचा मथळासुद्धा सुचला.

दुपार उलटून

नामदेव आला. पाठीवर वामन, आमच्यातला एक धावणारा गडी, त्याचा घोटा मुरगळला आहे. नामदेवाने त्याला खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता बोलू लागला. चिमट्यापलीकडे वामन पडला. बाई म्हणाली, तुम्ही याला घेऊन पुढे व्हा, तुमच्यामागून येतेच. वामनला पाठीवर घेऊन चिमटा पार करताना मागे बघता आलं नाही. अलीकडे आल्यावर बघितलं तर ती दिसली नाही. हाका मारल्या. ओ आली नाही. वाटलं, वळणाआड असेल.

"वाटलं म्हणजे?"

"मास्तर, मी चाललो परत." पाण्याची चरवी आणि दोर घेऊन तो पुन्हा डोंगराला लागला. दोर कशाला, हे मी विचारलं नाही.

मीही निघालो होतो. पुतळाबाईने मनगट धरलं. तिची पकड मासळीवाल्या बाईची आहे, सुटत नाही.

"तुमी वर गेलात तर ती धावली कशाला?"

म्हणून उभा आहे.

सूर्य कलला आहे. इथून डोंगराचा खांदा दिसतो, पिवळं गवत, त्यावर वाटेची रेघ. रेघेवर नामदेव होता, तो आता दिसेनासा झाला. त्यानंतर कुणी नाही.

देवावर माझा विश्वास किती, हे देवाला ठाऊक आहे. ती म्हणाली म्हणून उभा राहिलो. छातीत सकाळपासून एकदाही दुखलेलं नाही. श्वास नीट चालला आहे. मुंग्या नाहीत. इतकं बरं मला गेल्या श्रावणापासून वाटलं नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटते आहे. मी जगेन असं दिसतंय. ती त्या वाटेने खाली आली नाही तर जगून मी काय करायचं, हे मला माहीत नाही.

मी फार घाबरलो आहे.